सासरेबुवांच्या गाडीचं बॅक प्रेशर

चढावर ट्रक पुढे गेला याचं ग्रंथपालांना एरवी काही वाटलं नसतं. पण तो ट्रक घरसामानाचा होता, त्याच्या मागच्या बाजूला आरशाचं कपाट दोरीने बांधलेलं होतं, आणि त्या आरशात ग्रंथपालांना स्वतःची गाडी आणि तिच्यात दातओठ खाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसत राहिला. आधी मोठा, मग लहान, मग बटणाएवढा. माणसाच्या वाट्याला अपमान यायचाच, पण तो इतक्या चांगल्या काचेत बघायला लागू नये.

गाडी साधी असती तर हेही गिळलं असतं. ही गाडी दोन दारांची, लालभडक, बसक्या अंगाची, बॉनेटवर हवा ओढायला नाकपुडी असलेली. तिच्या ऐन उमेदीत माणसं रस्त्यात थांबून तिच्याकडे बघायची म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की तेव्हा ती सासरेबुवा चालवत. पुढे डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि स्वतः लेकीकडे राहायला आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते खिडकीतून गाडी आत येताना बघत. आपण प्रेमाने दिलेल्या छत्रीने कुणी गटार उपसताना दिसला, तर माणूस ज्या नजरेने बघेल, त्या नजरेने.

सासरे-जावयाचं भांडण कधी झालं नव्हतं. तेवढी सलगीच नव्हती. दोघं एका टेबलाशी जेवत, एकच वर्तमानपत्र वाटून घेत (सासरेबुवांच्या डोळ्यांना आता मोठे मथळेच झेपत), पण एकमेकांशी बोलायचं ते मधल्या टपालखात्यातून. टपालखातं म्हणजे बायको. ती दिवसभर औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन या दोघांचे निरोप पोचवायची. पहिलं काम सोपं आहे असं ती म्हणे.

त्या संध्याकाळी ग्रंथपालांनी बूट काढता काढता ट्रकची हकीकत तिला सांगितली. सासरेबुवा हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता लेकीला म्हटलं, “त्यांना सांग, गाडी चालवायची असते. हे तिला फिरायला नेतात. कधी पळवली नाही म्हणून छाती भरलीय तिची.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. पोचलं, असं नवऱ्याने मानेनेच कळवलं. मग त्यांनी उलटटपाली कळवलं, की आपण वेगाच्या पाट्या वाचून गाडी चालवतो, आणि पाट्या वाचणं हा गुन्हा असेल तर तो आपल्याला कबूल आहे. एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. फिरायला नेतात म्हणे! हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात प्रेशरकाका भेटले. हे वरच्या मजल्यावर राहत. बॉयलर तपासण्यात जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर तपासायला बॉयलर उरले नसल्याने ते शेजाऱ्यांना तपासत. कुणाचा गुडघा दुखो, कुणाचा नळ गळो, काकांच्या मते सगळं शेवटी प्रेशरवर येतं. इथे तर खरंच प्रेशरचा मामला निघाला. जिन्याचा कठडा अडवून त्यांनी सांगितलं, की इंजिनाने धूर बाहेर टाकायचा आणि बाहेरची नळी त्याला परत आत ढकलायची, याला बॅक प्रेशर म्हणतात. ते जास्त झालं की इंजिनाचा जीव गुदमरतो. ग्रंथपालांच्या हातात दुधाची पिशवी होती. व्याख्यान संपलं तेव्हा दूध कोमट झालं होतं.

तरीही ग्रंथपाल ऐकीव माहितीवर उडी मारणारे नव्हते. त्यांनी ग्रंथालयात जाऊन मोटारींवरचं जाडजूड पुस्तक काढलं. धुराच्या व्यवस्थेचं प्रकरण कुणीतरी मुळापासून फाडून नेलं होतं. पानं फाडणाऱ्या जमातीबद्दल ग्रंथपालांची मतं इथे देण्यासारखी नाहीत. मुद्दा एवढाच, की वाचून शहाणं व्हायची वाट बंद झाली, म्हणून त्यांना मिस्त्रीकडे जावं लागलं. पुढे जे झालं त्याला तो पानफाड्या जबाबदार आहे असं ते आजही मानतात.

मिस्त्रीचं गॅरेज पेट्रोल पंपामागे होतं. त्याने गाडी उचलली, खाली शिरला, रबरी हातोडीने एका फुगीर डब्यावर टकटक केली, नळीला एक मीटर जोडला आणि इंजिन रेस केलं. मीटरच्या काट्याने टुणकन उडी मारली. निदान झालं. डब्याचं नाव कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते, विषारी धूर तिच्यातून गाळला जाऊन जरा माणसात येतो. ती भोकं काजळीने बुजली होती. इतक्या जुन्या मॉडेलचा नवा डबा मिळायचा म्हणजे मागवावा लागणार, आणि मागवला म्हणून येईलच असं नाही.

“काढूनच टाकू,” मिस्त्री म्हणाला. “सरळ पाइप घालतो. गाडी मोकळा श्वास घेईल.”

ग्रंथपालांनी विचारलं, की मग त्या विषारी धुराचं काय. मिस्त्रीने त्यांना समजावलं, की धूर मागे जातो आणि आपण पुढे असतो. हे कायद्यात बसतं का, असंही त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, तपासणीच्या वेळी बघू. ज्या माणसाने उभ्या जन्मात पुस्तकाचा कोपरा दुमडला नव्हता, त्याला हे उत्तर पटायला नको होतं. पटलंही नाही. पण तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर आरशातला बटणाएवढा चेहरा आला, आणि ते हो म्हणून गेले.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेऊन त्यांनी किल्ली फिरवली, आणि पंपावरच्या रांगेतली माणसं खाली बसली.

तो आवाज कसा होता हे सांगणं कठीण आहे. पत्र्याच्या पिंपात बैल कोंडावा आणि त्याने तक्रार करावी, असा काहीसा. रस्त्यावरून जाताना कडेच्या गाड्यांचे भोंगे आपोआप बोंबलू लागले. ग्रंथपाल जसजसे पुढे जात तसतसे ते मागे एकेक करून वाजत होते, जणू वरात चाललीय. एवढं होऊन जोर आला का? तर नाही. सुटताना गाडी पूर्वीपेक्षाही मरगळलेली, आणि समोर इंजिनाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा लागला तो विझेना. फोन केला तेव्हा मिस्त्री म्हणाला, दिव्यावर काळी पट्टी चिकटवा.

घरी प्रेशरकाका दारातच उभे होते. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ मोठ्या कष्टाने झोपवलं होतं, ते उठलं होतं. पण काकांचा राग बाळावरून नव्हता, तत्त्वावरून होता. आपण जास्तीचं प्रेशर कमी करा म्हणालो होतो, पार नाहीसं करा म्हणालो नव्हतो. थोडं प्रेशर इंजिनाला लागतंच, संसारात माणसाला लागतं तसं. ग्रंथपालांनी विचारलं, की हा दुसरा अर्धा भाग जिन्यातच का सांगितला नाही. काका म्हणाले, तुम्ही दुधाची घाई केलीत.

आणि सासरेबुवा? ते खिडकीशी होते. रात्री जेवताना त्यांनी लेकीमार्फत फक्त मीठ मागितलं. त्या मिठाच्या मागणीत किती अर्थ भरला होता, हे ग्रंथपालच जाणत.

खरा घाव पुढेच होता. ग्रंथालयाचा वाचनकक्ष म्हणजे ग्रंथपालांचं राज्य. तिथे पान उलटल्याचा आवाज झाला तरी ते चष्म्यावरून बघत, आणि कुणी कुजबुजलं की लांबलचक ‘शूऽऽ’ करत. त्यांच्या माघारी त्यांचं नावच शूसाहेब पडलं होतं. सोमवारी सकाळी शूसाहेबांची गाडी आवारात शिरली तेव्हा कक्षाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. ग्रंथपाल आत आले. सगळ्या माना वर होत्या. रोज येणारे एक पेन्शनर वाचक होते, त्यांच्या दम्याच्या श्वासालासुद्धा ग्रंथपालांनी एकदा शू केलं होतं. ते उठले, सावकाश चालत टेबलापर्यंत आले, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “शूऽऽ.”

कक्षात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून ग्रंथपाल गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून चालत जाऊ लागले. रागाने त्यांची चाल मात्र सुधारली. आपण काय वाईट केलं होतं? एक गाडी दुरुस्त करायला निघालो होतो. सल्ला देणारे सगळे शाबूत होते, आणि शिक्षा भोगणारा एकटा माणूस उन्हातून डबा हातात धरून चालत होता. (हा जेवणाचा डबा. तो दुसरा डबा कुठे आहे याचा विचार अजून त्यांच्या मनात आला नव्हता.)

तो आला तपासणीच्या दिवशी. गाडी जुनी झाली की तिच्या धुराची वर्षाला तपासणी असते. केंद्रातला तपासनीस बारीक चणीचा, इस्त्रीतला, शांत माणूस होता. त्याने एक आरसा दांड्यावर लावून गाडीखाली सरकवला. आरशांनी ग्रंथपालांचा पिच्छाच पुरवला होता.

“इथे जे असायला हवं ते कुठे आहे?” त्याने विचारलं.

ग्रंथपाल म्हणाले, की आधी धूर तरी मोजा, नापास झालो तर बघू. तपासनीसाने मान हलवली. यंत्रणा जागेवर नसेल तर धूर मोजता येत नाही, आणि धूर मोजल्याशिवाय नापास करता येत नाही. मग मी पास का? तसंही नाही. मग मी कोण? शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या परीक्षेत ग्रंथपाल कधी नापास झाले नव्हते, पण आज भर दुपारी ते एका अनोळखी माणसापाशी आपल्याला निदान नापास तरी करा म्हणून वाद घालत होते. शेवटी तपासनीस शांतपणे म्हणाला, की मुदतीच्या आत डबा जागेवर दिसला नाही, तर गाडीची नोंद कायमची रद्द होईल. मग ती भंगारात.

भंगार हा शब्द ऐकल्यावर ग्रंथपालांचा राग उतरला. गाडी काही आपली नव्हती. जो माणूस रोज खिडकीत बसून तिची वाट बघतो, त्याची होती. त्याच्या डोळ्यांना अजून जेवढं दिसत होतं, त्यात ही लाल गाडी होती.

ते तडक मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने डोकं खाजवलं. डबा कोपऱ्यात ठेवला होता खरा, पण कुणीतरी घेऊन गेलं. कोण? माहीत नाही, भंगारवाला असेल, आत मौल्यवान धातू असतो ना. मौल्यवान धातू असतो हे तेव्हा का नाही सांगितलं? तुम्ही विचारलं नाही. मग ग्रंथपाल गावातल्या भंगारवाल्यांकडे हिंडले. गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगांत पॅन्टची इस्त्री सांभाळत वाकले. पुस्तक असतं तर विषयवार लावलेलं सापडलं असतं. इथे सायकली, गज आणि पंखे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेले. एका भंगारवाल्याने त्यांना तीन डबे दाखवले. त्यातला एक बिस्किटांचा होता.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघरात बायकोला गाठलं आणि दार लोटून सगळं सांगितलं. बाबांना कसं सांगायचं ते तूच बघ, म्हणाले. बायको हातातली पातेली पुसत राहिली. मग तिने दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या वडिलांना म्हणाली, “बाबा, आता द्या त्यांना. पुरे झालं.”

सासरेबुवा उठले, आपल्या खोलीत गेले, वाकून पलंगाखालून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढून त्यांनी बाहेर आणलं. चादर सोडली. डबा होता. स्वच्छ, पुसलेला, साबणाचा वास येणारा.

झालं होतं ते असं. ज्या दिवशी गाडी बैलासारखी ओरडत घरी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते भिंतीला हात लावत लावत गॅरेजवर गेले आणि कोपऱ्यातला डबा उचलून भाड्याच्या गाडीने घरी घेऊन आले. मग कितीतरी दुपारी तो त्यांनी न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत गरम पाण्यात भिजवला, झटकला, पुन्हा भिजवला. काळं पाणी गेलं, मग करडं, मग साधं. बादली सापडत नाही म्हणून ग्रंथपाल त्याच दिवसांत तांब्याने अंघोळ करत होते आणि बायको म्हणत होती, फुटली. म्हणजे तीही सामील.

“त्यांना सांग,” सासरेबुवा लेकीला म्हणाले, “विचारलं असतं तर दिला असता.”

ग्रंथपालांना आनंद झाला, कृतज्ञता वाटली, आणि या दोन्हींच्या वर चढून संताप बसला. आपण भंगारात हात काळे करत असताना ती वस्तू जिथे आपण झोपतो तिथल्या भिंतीपलीकडे होती! पण बोलणार कुणाला? टपालखातंच फितूर निघालं होतं.

डबा परत बसला. मिस्त्रीने सरळ पाइप काढून घेतला आणि वर म्हणाला, की ओरिजिनल ते ओरिजिनलच. गाडीचा आवाज पूर्वीसारखा खर्जात गेला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ग्रंथपाल केंद्रावर निघाले, तर सासरेबुवा आधीच शेजारच्या सीटवर बसलेले. बायको दुकानात. दोघं केंद्रापर्यंत निमूटपणे गेले.

तपासनीसाने धूर मोजला. अगदी थोडक्यासाठी आकडा रेषेच्या वर गेला. अखेर ग्रंथपाल रीतसर नापास झाले, पण त्याचंही समाधान फार टिकलं नाही. तपासनीस म्हणाला, डबा नीट तापल्याशिवाय काम करत नाही. गाडी महामार्गावर नेऊन चांगली पळवा, आणि बंद न करता थेट इथे आणा. केंद्र संध्याकाळी बंद होतं.

महामार्गाला लागल्यावर ग्रंथपालांनी सवयीने कडेची लेन धरली. सासरेबुवांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर लेक नव्हती. निरोप द्यायला कुणीच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

“जावईबापू, जरा वेग वाढवलात तर बरं होईल.”

ग्रंथपालांनी जरा वाढवला.

“आणखी थोडा वाढवायला हरकत नाही आपली.”

ग्रंथपालांनी आणखी थोडा वाढवला. मागून एक टेम्पो आला आणि पुढे जाऊ लागला. सासरेबुवांनी तो पाहिला नसेल, पण ऐकला. त्यांचा हात आपसूक गिअरच्या दांड्याकडे गेला, आणि पुढचं वाक्य निघालं त्यात ना आपण होतं, ना बापू.

“अरे, खालचा गिअर टाक! टाक म्हणतो ना! आता दाब. दाब, घाबरतोस काय!”

ग्रंथपालांनी खालचा गिअर टाकला आणि दाबला. नाकपुडीतून हवा शीळ घालत आत गेली, सीटने पाठीत गुद्दा मारला, आणि टेम्पो मागे पडला. मग एक बस मागे पडली. मग एक गाडी, तिच्यातले लोक नंतर बराच वेळ आरशात लहान होत जाताना दिसले. ग्रंथपालांना हे सगळं अजिबात आवडत नव्हतं असं ते पुढे सांगत. पण त्यांनी परतीचा फाटा आपणहून सोडून पुढचा घेतला, हेही खरं.

केंद्राच्या जवळ आल्यावर पोलिसाने हात केला. गाडी थांबली.

“इंजिन बंद करा,” पोलीस म्हणाला.

“बंद करता येणार नाही,” ग्रंथपाल म्हणाले. “मी प्रदूषण कमी करण्यासाठी वेगात चाललो होतो.”

पोलिसाने स्वतः वाकून किल्ली फिरवली. मग मात्र ग्रंथपालांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. ते गाडीतून उतरले आणि त्यांनी पोलिसाला बॅक प्रेशर समजावून सांगितलं. विटेची भोकं सांगितली, काजळी सांगितली, पानफाड्याचा उल्लेख केला. पोलिसाने मध्येच काही विचारायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी त्याला शू केलं. पलीकडच्या दाराने सासरेबुवाही उतरले होते, आणि जावयाचा एखादा मुद्दा सुटला की तो पुरवत होते. शेवटी पोलीस काकुळतीला येऊन म्हणाला, की जा, पण हळू जा. सासरेबुवा म्हणाले, हळू जाऊन जमत नाही हेच तर हे इतका वेळ सांगतायत. ते ऐकून पोलीस स्वतःच निघून गेला.

सासरेबुवांनी खाली वाकून नळीजवळ हात धरला.

“गार पडला,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय. परत.”

ग्रंथपालांनी घड्याळाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि या जगात सरळ माणसाने जगूच नये अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत गाडी वळवली.

केंद्राचं शटर अर्धं खाली आलं होतं तेव्हा लाल गाडी आत शिरली. तपासनीसाने धूर मोजला. आकडा रेषेखाली आला, मोजून बोटभर. त्याने शिक्का मारला आणि अभिनंदन केलं सासरेबुवांचं. गाडी छान ठेवलीय, म्हणाला. ग्रंथपाल शेजारीच उभे होते.

बायको दुकानातून घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली पोलीस झाली होती, चमचे महामार्ग झाले होते, आणि तिचे वडील नवऱ्याच्या नाकासमोर काडेपेटीची लाल गाडी सरकवत होते.

“त्या वळणावर तिसरा गिअर हवा होता रे.”

“तिसरा कसा, बाबा? चौथाच होता. मी चालवत होतो की तुम्ही?”

“म्हणून तर ओढत नव्हती.”

“ओढत नव्हती? त्या बसला विचारा ओढत नव्हती का ते.”

बायकोने पिशवी खाली ठेवली आणि कुणाला काही सांगायचंय का, असं विचारलं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. मग खिडकीजवळची वडिलांची खुर्ची बऱ्याच दिवसांनी रिकामी दिसली, तीत ती जाऊन बसली आणि चप्पल काढून तिने पाय पसरले. मागे काडेपेटी बसच्या पुढे गेली होती, आणि नवरा अत्यंत दुखावलेल्या आवाजात ती पुन्हा मागे घ्या, बसला मी मागे टाकलं होतं, म्हणत होता.